गार खोलीतल्या चुंबळी

पुणे
१२ नोव्हेंबर १९७२

प्रिय विजयमाला,

यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली आणि मी दोन्हींना नगरला नव्हते. अम्मीनं रशीदच्या हाती शिरखुर्म्याचा डबा पाठवला. माझा हा भाऊ एस.टी.त डबा मांडीवर घेऊन झोपला. पुण्याला पोचेपर्यंत सगळं आंबलं होतं. मी तरी दोन चमचे खाल्ले, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

कामाचं म्हणशील तर अजून तसंच. गणितं इथं मांडायची, पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं इथंच पाडायची, आणि ती खोकी उचलून मुंबईला दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चालवायला न्यायची. एक भोक चुकलं की परत पुणे, परत मुंबई. माझी पाठ आता खोकं बघितलं तरी दुखते.

पण आमच्या संस्थेला स्वतःचं यंत्र मिळणार आहे. त्याच्यासाठी इमारत बांधून झाली. यंत्राच्या खोलीला खिडकी नाही, आणि ती बारा महिने गार ठेवायची आहे. उकाडा माणसाला चालतो, यंत्राला चालत नाही. बाहेरच्या दालनात मात्र दोन मजले उंचीची भिंत मोकळी पडली आहे. आमचे डायरेक्टर साहेब परदेशात कुठंतरी सुतादोऱ्यांचं मोठं शिल्प बघून आलेत. यंत्र विचार कसा करतं आणि माणूस कसा करतो, हे दोन्ही दिसेल असं काही कापडात करून तिथं टांगावं, असं त्यांच्या डोक्यात आहे. मीटिंगमध्ये मुंबईच्या एका चित्रकाराचं नाव निघालं होतं. मी मध्येच तुझं सांगून टाकलं.

रागावू नकोस. मुलींच्या शाळेत तू फळ्यावर खडूनं गवत काढायचीस, ते पुसायला मॅट्रिकच्या बाईंचा हात धजावत नव्हता. तुझ्या अण्णांच्या आजारपणासाठी तू मुंबईचं चित्रकलेचं शिक्षण अर्ध्यात सोडलंस. आता अण्णाही नाहीत. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण दोन दिवस थांबून म्हण.

तुझी
रजिया

*

कोळवाडी, ता. श्रीगोंदा
२४ नोव्हेंबर १९७२

प्रिय रजिया,

दोन दिवस नाही, चांगले दहा दिवस थांबले. रोज नाही म्हणायचं ठरवायचे आणि रोज पोस्टाची पेटी चुकवून घरी यायचे.

इथली स्थिती तुला वर्तमानपत्रात दिसते तेवढीच नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मुली येतात, पण रंगाच्या वाटीत घालायला पाणी मागायची मला लाज वाटते. शिवणाच्या तासाला नवं कापड कोणी आणत नाही. निम्मा वर्ग आईबरोबर खडीवर जातो. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालंय. बाया दिवसभर उन्हात बसून दगड फोडतात आणि संध्याकाळी रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी थापतात. ती भाकरी गिळताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत.

अशात मी भिंतीवर टांगायचं कापड करू? आणि विचार म्हणजे काय ते मला काय ठाऊक? मी शाळेतून येते, चहा करते, पडते. डोक्यात काही चालत असलं तर ते मलाही कळत नाही.

तरी एक विचारते. या कामाला बाया लागल्या तर तुमची संस्था त्यांना खडीवर मिळते तेवढी मजुरी देईल का? हेडमास्तरांकडे एक वर्ग रिकामा पडलाय. सावलीत बसतील. मला एवढंच दिसतंय. बाकी त्या यंत्राचं तू समजावून सांग, लहान मुलीला सांगतात तसं.

विजयमाला

*

पुणे
५ डिसेंबर १९७२

प्रिय विजू,

साहेबांनी हो म्हटलं. होळीपर्यंतची मजुरी आणि सामानाचा खर्च एकदमच मंजूर झालाय, मनीऑर्डर वेगळी येईल.

सोबतच्या पुडक्यात एक चौकट आहे. जपून उघड. एका मोडीत काढलेल्या यंत्राची ही स्मृती. शाळेच्या पाटीपेक्षाही लहान आहे, पण उजेडाकडे धरलीस तर आत केसासारख्या तारांची जाळी दिसेल आणि तारा जिथं एकमेकींना छेदतात तिथं खसखशीएवढं एकेक कडं. ते कडं लोहचुंबकाचं आहे. त्यातलं चुंबकत्व एका दिशेनं फिरलं असेल तर त्याचा अर्थ हो, उलट दिशेनं असेल तर नाही. बस, यंत्राला एवढंच येतं. अशा हजारो हो आणि नाही एकापुढं एक ठेवून ते गणित करतं.

गंमत म्हणजे या जाळ्या यंत्रं विणत नाहीत. परदेशातल्या कारखान्यांत बायाच भिंगाखाली बसून सुईनं तार ओवतात. आणि आणखी एक. कड्यात काय आहे ते वाचलं की ते पुसलं जातं. म्हणून वाचल्याबरोबर लगेच परत तेच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर आठवण एकदा काढली आणि गेली.

यापुढचं तू बघ. मला उद्या खोकी घेऊन मुंबईला जायचंय.

रजिया

*

कोळवाडी
१४ जानेवारी १९७३

प्रिय रजिया,

आज संक्रांत. तीळ नाहीत, गूळ आहे, तेव्हा नुसतंच गोड बोल.

पाच बाया मिळाल्या. त्यांतल्या दोघींबद्दल सांगते. कडूबाई सगळ्यांत मोठी, तोंडानं फटकळ. रतनबाई सगळ्यांत लहान, अठ्ठावीसेक वर्षांची असेल. तिचा नवरा मच्छिंद्र बैलजोडी घेऊन गुरांच्या छावणीवर गेलाय, घरी सासू छबूबाई आणि ही. बोलते कमी. हात मात्र तिचा सैल आणि गरगर चालणारा.

सूत कुठून आणायचं हा प्रश्न होता. तो रेशन दुकानानं सोडवला. मिलोची रिकामी पोती ढिगानं पडली होती. ती उसवून आम्ही सुतळी काढतोय. पोत्यांचा वास असा की पहिले दोन दिवस डोकं उठलं. आता सवय झाली.

तुझी चौकट मी वर्गात फिरवली. तू सांगितलंस तसं सगळं सांगितलं. पाचातलीच लंकाबाई म्हणाली, "ही जाळी मासं धरायची हाय का?" कडूबाईनं ती डोळ्याजवळ नेली, लांब नेली आणि म्हणाली, "ह्या कडीवानी काय करायचं म्हनता? आमच्याकडं चुंबळ हाय की." आणि डोक्यावरची काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

रजिया, चुंबळ तुला आठवते ना? हंडा नाहीतर पाटी डोक्यावर घेताना खाली ठेवायचं ते चिंध्यांचं कडं. मी त्या चुंबळीकडे बघत राहिले. तिला मधे डोक्याचा खळगा पडला होता आणि घामानं ती काळी झाली होती. या बाया मैलभर पाणी वाहतात, दगडाची पाटी वाहतात, तेव्हा वरती ओझं असतं, मधे हे कडं, आणि त्याच्याखाली डोकं चालूच असतं. मला आणखी काही सुचवून घ्यावं लागलं नाही.

तर असं ठरवलंय. सुतळीच्या मोठमोठ्या जाळ्या, एकीमागं एक टांगलेल्या, मधून माणूस चालत जाईल एवढं अंतर सोडून. प्रत्येक गाठीवर एक चुंबळ. उजवीकडे वळलेली असेल ती हो, डावीकडे वळलेली ती नाही. मी बायांना एवढंच सांगितलं की, जी गोष्ट तुमच्या डोक्यात घोळतेय ती मनात धरा, आणि मन ज्या बाजूला वळेल त्या बाजूला चुंबळ वळा. कोणाची कशाची ते मी विचारत नाही.

वाचलं की पुसतं हे ऐकून कडूबाई हसली. "आमचंबी तसंच. कुनाला सांगितलं की हलकं हुतं. घरी गेलं की परत हायेच."

रतनबाई मात्र एकच चुंबळ उजवीकडे वळते, सोडते, डावीकडे वळते, परत सोडते. लंकाबाईनं चिडवलं तर म्हणाली, "अजून ठरंना."

मी आज कित्येक वर्षांनी कोळशानं कागदावर रेघ मारली. ते रेखाटन सोबत जोडलंय. संध्याकाळी खूप थकले होते, पण हे थकणं निराळं होतं.

विजू

*

पुणे
३ फेब्रुवारी १९७३

प्रिय विजू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा साहेबांना वाचून दाखवलं. कडूबाईचं बोलणं ऐकून ते खुर्चीत मागं रेलून हसले. चुंबळ म्हणजे काय ते मी टेबलावरचा रुमाल वळून दाखवलं.

रेखाटन आवडलं. चालू दे. मला सर्दी झालीय, जास्त लिहीत नाही.

रजिया

*

पुणे
६ मार्च १९७३

प्रिय विजू,

तुझी दोन पत्रं आली, उत्तराला उशीर झाला. कामाची गडबड आहे.

इमारतीच्या उद्घाटनाची तारीख अजून पक्की नाही, तेव्हा तू घाई करू नकोस. सावकाश होऊ दे. फोटो मिळाला. छान दिसतंय. कडेची एक जाळी जराशी वेडीवाकडी वाटली, बाकीच्यांसारखी एकसारखी होते का बघ. नाही झाली तरी बिघडत नाही.

तब्येतीला जप. इथं ऊन सुरू झालं.

रजिया

*

कोळवाडी
१९ मार्च १९७३

प्रिय रजिया,

तुझं पत्र वाचून मला काय समजायचं ते मी समजले. तू पहिल्यापासून मोकळी बोलणारी. तू जेव्हा "छान दिसतंय" एवढंच लिहितेस तेव्हा ते छान नसतं. मग घाई करू नकोस, मग जाळी वेडीवाकडी. साहेबांच्या मनातून हे काम उतरलंय आणि तुला ते तोंडानं सांगवत नाही, असंच ना? गावातल्या शिवणाच्या बाईकडून आणखी काय होणार, असं कोणी म्हणालं असेल.

तर ती कडेची जाळी मी उसवायला सांगितली. ती रतनबाईची होती. सबंध तिनं एकटीनं केलेली. तिच्या चुंबळी लहानमोठ्या होतात, कुठं लाल चिंधी घालते, कुठं सुतळीच दोनदा फिरवते. मी सांगितलं, हे सगळं सोडव आणि मापानं परत कर.

तिनं हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाई, खडी एकदा फोडली की फुटती. फुटलेली पुन्ना फोड म्हनत न्हाई कुनी."

मी म्हणाले, "रतनबाई, हे पुण्याला जायचं आहे. तिथली माणसं बघणार."

"मग त्यास्नीच वळू द्या," ती म्हणाली, आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की तिनं खडीवर नाव घातलं.

मी तिच्या घरी गेले नाही. जायला हवं होतं. परीक्षेचे पेपर होते, पायांत गोळे येत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. तिची जाळी मी स्वतः बसून उसवतेय. निम्मी झाली. कडूबाई माझ्याशी बोलत नाही.

आता तरी खरं काय ते लिही.

विजयमाला

*

कोळवाडी
२ एप्रिल १९७३

रजिया,

तुझं उत्तर नाही. लिहावंसं वाटत नव्हतं, पण तुला कळायला हवं.

परवा दुपारी खडीवर रतनबाईच्या उजव्या डोळ्यात दगडाची कपची गेली. तिनं पदर दाबून धरला आणि घटकाभर तशीच बसून राहिली, म्हणे, कुणाला वाटलं घाम पुसतेय. पदर लाल झाल्यावर शेजारणीनं ओरड केली. बैलगाडीनं श्रीगोंद्याला, तिथून एस.टी.नं नगरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले की त्या डोळ्याचं फारसं काही सांगवत नाही, पण तो असाच राहिला तर दुसऱ्यालाही धोका आहे, पुण्याला न्या. मच्छिंद्र छावणीवरून आला. बैल शेजाऱ्याच्या दावणीला बांधून आलाय. त्याला पुण्यात कोणी माहीत नाही. मी तुझा पत्ता लिहून दिलाय. तू तेवढं करशील हे मला ठाऊक आहे.

मी नगरला बघायला गेले होते. तिनं भिंतीकडे तोंड केलं. छबूबाई म्हणाली, "बाई, तुमी जावा आता."

ती वर्गात सावलीला बसली होती, रजिया. मी तिला उठवलं.

विजयमाला

*

पुणे
७ एप्रिल १९७३

विजू,

मच्छिंद्र आणि रतनबाई काल आले. तिला इस्पितळात दाखल केलंय. डोळा काढावा लागेल. दुसरा वाचेल, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मच्छिंद्र आमच्याकडे उतरलाय. सध्या माझ्याकडेच राहणाऱ्या रशीदनं त्याला आपली खाट दिली, तर तो खाली सतरंजीवरच झोपला.

आता तू विचारलंस ते. खरं सांगायला मला पावणेदोन महिने लागले आणि तेवढ्यात हे झालं.

यंत्र येत नाही, विजू. परकीय चलनाची परवानगी दिल्लीत अडकली. फेब्रुवारीच्या मध्यालाच कळलं. उद्घाटन रद्द. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, तुमच्या मैत्रिणीला कळवा, आता ते काम नको. तुझ्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. कोणाच्याही मनातून ते उतरलं नव्हतं. ते टांगायला निमित्तच उरलं नव्हतं, एवढंच.

मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्या पाचजणी दुसऱ्या दिवशी खडीवर गेल्या असत्या, आणि तू परत घरी येऊन चहा करून पडली असतीस. मजुरी होळीपर्यंतची होतीच. मला वाटलं, तेवढ्यात परवानगी येईल आणि कुणाला काही कळायचंही नाही. मी रोज साहेबांच्या कारकुनाला विचारायचे. मग विचारायचंही सोडलं. खोकी घेऊन मुंबईला जायचे, परत यायचे आणि तुझं पत्र उघडायचा कंटाळा करायचे. इतकी दमले होते की खोटं बोलायलाही नीट सुचत नव्हतं.

कडेची जाळी वेडीवाकडी वाटली म्हणून मी लिहिलं ना? मी तो फोटो नीट बघितलासुद्धा नव्हता. यंत्राचं लिहायचं नव्हतं, आणि पत्र फारच आखूड दिसत होतं. काहीतरी लिहायला हवं म्हणून ते वाक्य घातलं. बस, एवढंच.

रोज संध्याकाळी इस्पितळात जाते. ती माझ्याशी बोलते. तुझ्याविषयी काही म्हणत नाही. मीही तिला अजून सांगितलेलं नाही. पण सांगेन. हे तरी मी उशिरा करणार नाही.

रजिया

*

कोळवाडी
१३ एप्रिल १९७३

रजिया,

पत्र मिळालं. दोन दिवस शाळेत गेले नाही.

तुला बोल लावायला बसले होते. कागद पुढ्यात घेतला आणि ध्यानात आलं की तू लिहिलंस एक वाक्य, त्यातलंही "नाही झाली तरी बिघडत नाही" हे मी वाचलंच नाही. मला हवं तेवढं वाचलं. तिला उठवणारी मी. तू नव्हतीस तिथं.

आता ही भांडाभांडी आपल्यात नको. दोघींतही तेवढा जीव नाही.

कडूबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येंतर न्हाई आलं तर न्हाई. आपलं पुरं करा." मजुरी संपली तरी ती आणि लंकाबाई खडीवरून सुटल्यावर येतात, तासभर बसतात. रतनबाईची जाळी मी निम्मी उसवली होती. उरलेली निम्मी तशीच ठेवलीय. रिकामी सुतळी आणि त्यापुढं रतनबाईच्या चुंबळी. त्या जागी दुसरं काही घालायचं नाही, असं ठरवलंय.

काम पुरं झालं की एस.टी.च्या टपावर टाकून पाठवते. कुठं टांगायचं ते तू बघ. नाही टांगलं तरी माझ्या वर्गात ते ठेवता येणार नाही. जूनमध्ये मुली येतील.

विजू

*

पुणे
९ मे १९७३

प्रिय विजू,

तुझे तीन गठ्ठे सुखरूप पोचले. हमाल म्हणाला, बाई, यात धान्य आहे का, वास येतोय.

ते कुठं टांगलं ते सांगते. बाहेरच्या दालनात छताला कामगारांची परांची आहे, ती इतक्यात निघत नाही. म्हणून मी साहेबांना म्हटलं, यंत्राची खोली रिकामीच आहे. ते म्हणाले, तिथं? मग जरा वेळानं म्हणाले, टांगा. यंत्र येईपर्यंत कोण बघणार आहे?

ती खोली रोज गार करतात, विजू. आत यंत्र नाही, तरी. गारव्याची यंत्रणा बसवून देणाऱ्यांना ती चालते की नाही हे महिनाभर बघायचं आहे. बाहेर मे महिना, आणि आत पौष. तुझ्या जाळ्या तिथं एकीमागं एक उभ्या आहेत. दारातून पाहिलं की पोत्याच्या रंगाचं धुकं दिसतं आणि त्यात लाल, निळ्या, काळ्या चुंबळी तरंगताना दिसतात. जसजसं आत जावं तसतशी पुढची जाळी मागच्या जाळीवर सरकते. आमच्यातला एक हुशार पोरगा हो-नाही मोजायला लागला होता. तिसऱ्या जाळीपाशी मोजणं सोडून तो नुसताच उभा राहिला.

रतनबाईला मागच्या आठवड्यात घरी सोडलं, म्हणजे आमच्या घरी. मच्छिंद्र बैलांसाठी परत गेला. मी तिला आधीच सगळं सांगितलं होतं, यंत्राचं, माझ्या पत्राचं, त्या वाक्याचं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हंजी कुनीच नव्हतं म्हनलं व्हय, वाकडी हाय म्हनून?" मी म्हटलं, कोणीच नाही.

काल तिला संस्थेत घेऊन गेले. दारात थबकली. "बया, हे गार कशापायी?" यंत्रासाठी, मी म्हटलं. "कुठं हाय ते?" आलं नाही. ती हसली. पट्टी बांधल्यापासून पहिल्यांदा. आत शिरली. एका डोळ्यानं अंतर कळत नाही तिला, म्हणून हातानं चाचपत, एकेका चुंबळीला हात लावत गेली. मला बाहेरून हाक आली, मी दहा मिनिटं गेले.

परत येऊन पाहते तर शेवटच्या जाळीमागं फरशीवर पदर घेऊन ती झोपली होती. गाढ. आणि त्याच वेळी साहेब दिल्लीच्या दोन पाहुण्यांना घेऊन आत आले. मी पुढं झाले, काहीतरी सांगायला. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बोटानं मला गप्प राहायला खुणावलं, आणि त्या दोघांना हलक्या आवाजात सगळं समजावत, जाळ्यांमधून चवड्यावर चालत बाहेर नेलं.

ती संध्याकाळपर्यंत झोपली. मी दाराशी स्टूल टाकून बसले. खरं सांगू? मीही बसल्या बसल्या डुलकी काढली.

ती म्हणते, एक पत्र लिहायचं आहे. ती सांगते तसं मी लिहून देणार आहे, एक अक्षर न बदलता. ते वेगळं येईल.

रजिया

*

पुणे
१२ मे १९७३

बाईस्नी रतनबाईचा नमस्कार.

रजियाबाई ल्हितेत आन् मी सांगते. मी बरी हाय. एक डोळा गेला, एक हाय. आरशात बघिटलं न्हाई अजून. रजियाबाईंची आई नगरवरनं आली हुती, तिनं माज्या डोस्क्याला त्याल लावलं. लई दिसांनी कुनी लावलं.

तुमी नगरला आल्ता तवा मी तोंड फिरीवलं. तवा फिरीवलं ते बरूबर हुतं. मला तुमचा राग आल्ता आन् अजून थोडा हाय. रजियाबाई म्हनत्यात त्यास्नी ल्हायला नको हुतं, तुमी म्हनता तुमी उठवायला नको हुतं. मीबी उठायला नको हुतं. पर झालं ते झालं. तुमी दोगी किती दिस त्येच दळनार?

ती गार खोली बघिटली. लोक येत्यात, बघत्यात, हळू बोलत्यात. एका बाईनं मला इचारलं, ह्यातली हो कुठली आन् न्हाई कुठली. मी म्हनलं, मला काय ठावं. माजं तर ठरलंच नव्हतं. तवा मच्छिंद्राचा भाऊ म्हनत हुता, समदे मिळून कारखान्याकडं ऊसतोडीला जाऊ, गाव सोडू. सासू नगं म्हनायची. मी मधी. तेच वळायचे आन् सोडायचे. आता दाक्तर म्हनला, एका डोळ्यानं कोयता चालवायचा न्हाई. तवा ते आपुआप ठरलं. मी गावातच हाय.

आता दुसरं. दाक्तर मला वीस तारखेला, आयतवारी, गावाकडं सोडत्यात. मच्छिंद्रला बैलं सोडून येता येत न्हाई. सासूला गाडी लागती. रजियाबाई रशीदभाऊला धाडते म्हनत्यात, मी नगं म्हनलं. रस्ता वलांडताना ह्या अंगाचं मला दिसत न्हाई, कुनी दंडाला धरलं तर बरं पडतं. आन् परक्या मानसानं दंडाला धरायचं म्हंजी मला लाज वाटती.

तुमी या. पयल्या गाडीनं या, म्हंजी दिस बुडायच्या आत घरी पोचू. भाकरी बांधून आनू नका, हितं रजियाबाई देत्यात. नुसत्या या.

रतनबाई